दोन कामं सांभाळून इंट्राडे शिकताना: तोटा तासांत मोजा

भोसरी-चाकणकडच्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये सकाळी चढा. निम्म्या मोबाइलवर चार्ट उघडलेला दिसेल. त्यातले बरेच जण संध्याकाळी आणखी काहीतरी करतात. कुणी डिलिव्हरी, कुणी शिकवणी, कुणी दुकानाचे हिशेब. मीही त्यातलाच. कंपनीत क्वालिटीला आहे, तीन पाळ्यांत फिरतो, आणि रोज दोन तास एका किराणा होलसेलवाल्याची आणि एका हार्डवेअरवाल्याची टॅली एंट्री करतो. त्याचे महिन्याला ६ हजार मिळतात. इंट्राडे, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं, हे माझं तिसरं काम. हा लेख अशा तिसऱ्या कामाला नुकता हात घालणाऱ्यांसाठी आहे.

पहिल्या प्रयत्नात मी एका सकाळी १,२०० रुपये घालवले. घरी सांगितलं. बायकोने क्षणभर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे चार संध्याकाळी तुम्ही वाण्याकडे फुकट बसलात." पुढे मी जे काही शिकलो, ते या एका वाक्यावर उभं आहे.

पायरी १: नेमणूकपत्र काढा

चार्टच्या आधी कपाटातली फाइल. सरकारी नोकरीत असाल तर इथेच थांबायला लागेल. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत शेअरमधली सट्टेबाजी मना आहे, आणि वारंवार खरेदी-विक्री केली की ती सट्टेबाजीच धरली जाते. रोज घेऊन रोज विकणं याहून वारंवार काय असणार? महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९चे नियम आहेत, तेही वाचा. दीर्घ मुदतीची गुंतवणूक हा वेगळा विषय.

खासगी नोकरीत नेमणूकपत्रातलं 'पूर्णवेळ' किंवा 'अन्य कोणतेही काम करणार नाही' असं कलम शोधा. २०२२च्या सप्टेंबरमध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणारे ३०० जण काढले, तेव्हा आयटीतल्या पोरांना हे कलम आठवलं. दोन्हीकडे पगारी नोकरी असेल आणि दोन्हीकडे पीएफ कापत असतील, तर दोन्ही कंपन्यांची नावं पीएफच्या एकाच क्रमांकाखाली (यूएएन) दिसतात. लपवाछपवी टिकत नाही. माझ्या बाबतीत टॅलीचं काम नोकरी नव्हे, आणि मी एचआरला ईमेल करून विचारलं होतं. त्यांचं उत्तर जपून ठेवलंय.

तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिच्याच शेअरमध्ये इंट्राडे करू नका. कंपनीचे आकडे हाताळणाऱ्या लोकांवर सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१५च्या नियमांनुसार बंधनं असतात. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत त्यांच्यासाठी व्यवहार बंद असतात. तुम्ही त्या यादीत नसलात तरी बाजारात बाकीचे शेअर काही कमी नाहीत.

पायरी २: घड्याळ मांडा

शिकवणारे इथे पटकन पुढे जातात, कारण त्यांना नोकरी नसते. आपला शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. नऊ ते सव्वानऊ पूर्वबाजार असतो. म्हणजे जनरल शिफ्टचा अख्खा दिवस आणि बाजाराचा अख्खा दिवस एकच. इंट्राडेची पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, त्याच दिवशी मिटवावी लागते. तुम्ही मिटवली नाही तर ब्रोकर साधारण सव्वातीन ते तीन पंचवीसच्या दरम्यान स्वतः मिटवतो, आणि बरेच ब्रोकर त्याचे वेगळे ५० रुपये आणि वर जीएसटी लावतात.

एका कागदावर आठवड्याचे सात दिवस आखा. त्यात मुख्य नोकरी, प्रवास, दुसरं काम, झोप आणि घरचं सगळं भरा. मग सव्वानऊ ते साडेतीनच्या पट्ट्यात कोरी जागा कुठे उरते ते बघा. 'जेवणाच्या सुट्टीत बघतो' ही कोरी जागा धरायची नाही. 'बाथरूममध्ये जाऊन बघतो' ही तर नाहीच नाही.

माझा कागद असा होता. पहिल्या पाळीत सात ते साडेतीन मी लाइनवर आणि मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये, म्हणजे बाजार शून्य. तिसऱ्या पाळीत रात्रभर जागून आठला घरी येतो. तेव्हा बाजार समोर असतो, पण मी नसतो. दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते आणि बस अडीचला येते. म्हणजे सकाळ मोकळी. त्या आठवड्यात टॅली मी बारा ते दोन करतो. बाजारासाठी उरले सव्वानऊ ते साडेअकरा, तेही तीन आठवड्यांतून एकदा.

इतकंच? हो. हे मान्य करायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात दोन प्रकार घडले. एकदा पोझिशन उघडी ठेवून बस पकडली. वाटलं, बसमधून विकीन. बोगद्याच्या अलीकडे रेंज गेली, मग गेट आलं, मग लॉकर. रात्री बारा वाजता समजलं की ब्रोकरने तीन वीसला विकून टाकलं, तोट्यात, वर दंड. दुसरा प्रकार तिसऱ्या पाळीच्या सकाळचा. ॲप अडकलं म्हणून खरेदीचं बटण पुन्हा दाबलं. ऑर्डर दोन्ही लागल्या. डोळ्यांवर झोप असल्याने ते वीस मिनिटं कळलंच नाही.

जनरल शिफ्टवाल्यांना स्पष्ट सांगतो: तुमच्या कागदावर कोरी जागा नसेल तर चालू बाजारात इंट्राडे तुम्हाला सध्या करता येणार नाही. शिकता मात्र येईल. ते चौथ्या पायरीत.

पायरी ३: तासाचा भाव काढा

दुसऱ्या कामाचे महिन्याचे पैसे भागिले महिन्याचे तास. माझे ६,००० भागिले ४०, म्हणजे तासाला १५० रुपये. डिलिव्हरी करत असाल तर पेट्रोल आणि गाडीची घसारा-दुरुस्ती आधी वजा करा, नाहीतर आकडा फुगेल. मुख्य पगाराचा तासाचा भाव वापरायचा नाही. तो पगार घरभाड्याचा, हप्त्याचा आणि शाळेच्या फीचा. त्याला हात लावायचा नाही.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. यापुढे बाजारातली प्रत्येक रक्कम दोनदा लिहायची, रुपयांत आणि तासांत. '३०० रुपये गेले' वाचून काही वाटत नाही. 'दोन तास गेले' वाचलं की होलसेलवाल्याच्या दुकानातला तो पंखा, हळदीच्या पोत्यांचा वास आणि जुळत नसलेलं खातं आठवतं.

सेबीने जुलै २०२४मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३मध्ये दर १० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ७ तोट्यात होते. वर्षात ५००हून जास्त सौदे करणाऱ्यांत तोटेवाले ८० टक्के. बाजार वर्षात साधारण २५० दिवस चालतो, म्हणजे ५०० सौदे झाले दिवसाला फक्त दोन. ३० वर्षांखालच्यांचा वाटा २०१८-१९मध्ये १८ टक्के होता, तो ४८ टक्क्यांवर गेला, आणि या वयात तोटा खाणारे ७६ टक्के. बसमधली निम्मी पोरं याच वयाची.

पायरी ४: सहा महिने बचत, सहा महिने वही

भांडवल फक्त दुसऱ्या कामातून. मी ६ हजारांतले २,५०० बाजूला काढले, बाकी घरात दिले. सहा महिन्यांत १५ हजार झाले. पतपेढीचं कर्ज, भिशी, क्रेडिट कार्ड, मेव्हण्याकडून उसने, यातलं काही चालणार नाही. कुणाचा तगादा असला की स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला विकून बाहेर काढणारी ऑर्डर, लावायला हात धजत नाही.

आणि हे सहा महिने रिकामे जात नाहीत. पैसे जमत असताना वहीवर सराव करायचा.

सुरुवातीला तीन शेअर निवडा. निफ्टी ५०मधले, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या यादीतले, रोज भरपूर उलाढाल होणारे, आणि किंमत तुमच्या भांडवलाला झेपेल असे. ५ हजारांचा एक शेअर १५ हजारांच्या खात्यात सोयीचा नाही. तीनच घ्या, चौथा नको. गावातला पोस्टमन जशी घरं ओळखतो तसे हे तीन ओळखीचे व्हायला हवेत. उघडल्यावर किती उसळतात, अकरानंतर कसे सुस्तावतात, निकालाच्या दिवशी कसे वागतात.

रोज रात्री दहा मिनिटं प्रत्येकाचा कालचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव लिहा. मग पंधरा मिनिटांच्या कँडलचा (तेवढ्या वेळातली भावाची चाल दाखवणारी पट्टी) चार्ट उघडून पहिली कँडल, सव्वानऊ ते साडेनऊची, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते लिहा. त्यानंतर भाव त्या कँडलच्या वर गेला की खाली, उलाढाल वाढली की नाही, दुपारपर्यंत टिकला का. एवढंच. इंडिकेटरच्या, म्हणजे भावावरून गणित करून काढलेल्या, रंगीत रेषा सुरुवातीला लावू नका. मी एकदा सात लावल्या होत्या. खालचा भाव दिसेनासा झाला.

चालू बाजार बघता येत नसेल तर हा सराव रात्री करा. पडद्याच्या उजव्या बाजूवर जाड कागद धरायचा आणि एकेक कँडल उघडायची. उघडण्यापूर्वी वहीत लिहायचं: घेणार का, कितीला, स्टॉपलॉस कुठे, बाहेर कुठे. लिहून झालं की कागद सरकवायचा. खोडरबर वापरायचा नाही. ज्याने वहीत खोडाखोड केली त्याने शिकणं तिथेच बंद केलं असं माझं मत आहे.

कागदावरच्या सरावात एक लबाडी लपलेली असते: हवा तो भाव नेहमी मिळतो. म्हणून खरेदी दिसतो त्याहून थोडी वर आणि विक्री थोडी खाली लिहा, आणि खर्च दरवेळी वजा करा.

याच काळात एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची गुंतवणूकदारांसाठीची सेबीची प्रमाणपत्र परीक्षा देऊन टाका. ती मोफत आहे. ट्रेडिंग त्यात शिकवत नाहीत, पण डीमॅट, सेटलमेंट, तक्रार कुठे करायची, हे कळतं. हजारो रुपयांच्या क्लासेसच्या पहिल्या दोन दिवसांत यातलंच बरंचसं असतं.

पायरी ५: खर्च समजल्याशिवाय एकही सौदा नाही

समजा शेअर ४०० रुपयांचा आहे. १५ हजारांत उसनं न घेता ३७ शेअर येतात, १४,८०० रुपयांचे. सवलतीच्या दराचे ब्रोकर इंट्राडेला साधारण २० रुपये किंवा ०.०३ टक्के, यांतलं जे कमी ते घेतात. इथे एका बाजूला ४ रुपये ४४ पैसे, दोन्ही मिळून ९च्या आत. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), म्हणजे ४ रुपयांच्या आसपास. एक्स्चेंजचा आकार, खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक, आणि दलाली व आकारावर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून १६ रुपयांच्या घरात. म्हणजे भाव ४३ पैसे तुमच्या बाजूने गेला तरच तुम्ही बरोबरीत.

१६ रुपये किरकोळ वाटतात. दिवसाला पाच सौदे, महिन्याला वीस दिवस धरा: १,६०० रुपये. साडेदहा तासांची टॅली, भांडवलाच्या दहा टक्क्यांहून जास्त, आणि हे नफा-तोटा बरोबरीत सुटला तरी. सेबीच्या त्याच अभ्यासात तोटेवाल्यांनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम खर्चापोटी दिल्याचं आढळलं. तुमच्या ब्रोकरचे दर वेगळे असतील. रात्री ईमेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या सौद्यांचं बिल, पहिल्या दिवशी ओळीओळीने वाचा. टॅली करणाऱ्याला हे जमायलाच पाहिजे.

(मध्येच एखाद्या दिवशी खात्यातले पैसे गायब झाले आणि बँकेत आलेले दिसले तर घाबरू नका. ब्रोकरला ग्राहकाचे वापरात नसलेले पैसे ठरावीक काळाने परत करावे लागतात. मी मात्र घाबरून दुपारी कस्टमर केअरला फोन लावला होता.)

पायरी ६: पहिले वीस सौदे पाच-पाच शेअरचे

ब्रोकर इंट्राडेला पाचपटीपर्यंत माल घेऊ देतो. ॲपवर ते आपोआप दिसतं. १५ हजारांवर ७५ हजारांचं खरेदीबळ. तिकडे लक्ष देऊ नका. निदान पहिले सहा महिने स्वतःच्या पैशांत बसेल एवढंच घ्या. पाचपटीत भाव दोन टक्के उलटा गेला की भांडवल दहा टक्के जातं.

सुरुवातीला ४०० रुपयांचे पाच शेअर, स्टॉपलॉस ४ रुपये खाली. धोका २० रुपये, म्हणजे आठ मिनिटांचं काम. पहिले वीस सौदे असेच करा. यातून कमाई होणार नाही. हातांना सवय व्हावी म्हणून हे करायचं. खरेदी लागली की त्याच क्षणी स्टॉपलॉसची ऑर्डर लावायची, डोक्यात ठेवायची नाही. ४००ला घेतला तर ट्रिगर ३९६, मर्यादा ३९५.५०. ट्रिगरला भाव पोचला की ऑर्डर जागी होते, आणि मर्यादा थोडी खाली असल्याने भाव वेगात पडला तरी विक्री लागण्याची शक्यता राहते.

वीस सौद्यांत एकदाही स्टॉपलॉस खाली सरकवला नाही, तर पुढे जा. सरकवला असेल तर पुन्हा वीस. भाव खाली गेल्यावर आणखी घेऊन 'ॲव्हरेज' केलं असेल तर तेही चूक धरा.

त्यानंतर एका सौद्याचा धोका एक तास. ३७ शेअर, ४ रुपयांचा स्टॉपलॉस: १४८ रुपये. खर्च धरून १६४. ही वरची मर्यादा. पहिली पंधरा मिनिटं फक्त बघायचं. दिवसाला जास्तीत जास्त दोन सौदे, आणि दोन्हींत स्टॉपलॉस लागला की ॲप बंद. आठवड्यात सहा तास गेले तर तो आठवडा संपला. महिन्यात दहा तास गेले तर महिना.

साडेअकराला पोझिशन असेल तशी मिटवायची. नफा वाढतोय म्हणून बारापर्यंत थांबलो की टॅली एक वाजता सुरू होते आणि घाईत चुकते. होलसेलवाल्याचं जीएसटी चुकलं की दंड तो भरतो आणि काम माझं जातं. भांडवल ज्या कामातून येतं ते मोडून बाजारात उभं राहायचं कशाच्या जोरावर?

आधी विकून मग घेणं, म्हणजे शॉर्ट, नवख्याने टाळावं. शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, अडकला तर परत घ्यायला विकणारा मिळत नाही. मग प्रकरण लिलावात जातं आणि किती रुपयांना पडेल ते आपल्या हातात राहत नाही.

वहीत एक रकाना पाळीचा आणि एक झोपेच्या तासांचा ठेवा. माझी जुनी वही उघडल्यावर दिसलं की तिसऱ्या पाळीनंतरच्या सकाळचे सौदे जवळपास सगळे लाल. कुठल्याही इंडिकेटरने मला हे सांगितलं नसतं.

संध्याकाळचा बाजार, ऑप्शन आणि टेलिग्राम

जनरल शिफ्टवाल्यांना लगेच कुणीतरी सांगतं: दिवसा जमत नाही तर एमसीएक्स (तेल, गॅस, सोन्याचा वायदेबाजार) कर, रात्री साडेअकरापर्यंत चालू असतं. खरंय. अमेरिकेतल्या हिवाळी वेळेत तर अकरा पंचावन्नपर्यंत. पण कच्च्या तेलाचा एक लॉट, म्हणजे सौद्याचा किमान गठ्ठा, १०० बॅरलचा, म्हणजे भाव १० रुपये हलला की हजार रुपये. मिनी १० बॅरलचा. बुधवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या तेलसाठ्याचा आकडा येतो, उन्हाळी वेळेत आपल्या आठ वाजता आणि हिवाळ्यात नऊला. गॅसचा गुरुवारी. त्या मिनिटाला भाव उडी मारतो आणि स्टॉपलॉस ओलांडून पुढे जातो. आणि आठ ते दहा हीच दुसऱ्या कामाची वेळ. डिलिव्हरीवाल्याला तेव्हाच ऑर्डर येतात, शिकवणीवाल्यासमोर तेव्हाच मुलं बसलेली असतात. सिग्नलला थांबून नॅचरल गॅस बघणारा एक जण मला माहीत आहे. त्याच्या बंपरची अवस्था सांगत नाही.

ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याचा हक्क, 'स्वस्त' दिसतात. दोन-तीन हजारांत लॉट येतो आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या, दिवशी तो शून्यही होतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. माझ्या भावाने ते तेराशे तेहतीस तास. पूर्ण पावणेतीन वर्षांची टॅली.

टेलिग्रामवर टिप देणाऱ्यांची परीक्षा सोपी आहे. सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच आणि सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवून बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. 'आम्ही फक्त शिकवतो' म्हणणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५मध्ये नियम आला: शिकवताना चालू भाव नाही, जुने भावच वापरायचे. चालू बाजारात 'आत्ता घ्या' म्हणणारा शिकवत नाहीये. पैसे खासगी खात्यात मागणारा, ॲप लिंकवरून टाकायला लावणारा किंवा 'खातं आम्ही चालवतो, नफा निम्मा-निम्मा' म्हणणारा भेटला तर उत्तरही देऊ नका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, तासाभरात केला तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आणि तालुक्याच्या गावी अजून चालणारा 'डबा', म्हणजे एक्स्चेंजच्या बाहेर परस्पर होणारे सौदे, बेकायदा आहे. तिथे जिंकलात तरी पैसे मागायला जाणार कुठे?

पायरी ७: आयकर

इंट्राडेचा नफा-तोटा सट्ट्याच्या धंद्यातला धरला जातो. त्यामुळे फक्त पगार असताना भरायचो ते साधं विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-३ लागतो. तोटा पगारातून किंवा टॅलीच्या उत्पन्नातून वजा होत नाही. फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून होतो, आणि मुदतीत विवरणपत्र भरलं तरच पुढची चार वर्षं ओढता येतो. 'तोटाच झाला, दाखवायचं काय' हा समज काढून टाका. प्रत्येक सौद्याची नोंद ब्रोकरकडे असतेच.

दोन्हीकडे पगारी नोकरी असेल तर आणखी एक फटका बसतो. दोन्ही मालक तुमचं उत्पन्न आपल्यापुरतंच समजून टीडीएस कापतात, प्रमाणित वजावट दोनदा धरली जाते आणि वर्षअखेरीला व्याजासकट कर निघतो. एका मालकाला दुसरीकडचा पगार कळवता येतो. सीएची फी वहीत लिहा, तासांत.

सहा महिन्यांनी

खऱ्या पैशांचे सहा महिने झाले की सगळे आकडे एका पानावर आणा. सौदे किती, नफा-तोटा किती, खर्च किती, सीए किती. पान नकारात्मक असेल तर पाच-पाच शेअरवर परत जा किंवा खातं बंद करा. दोन्हीत कमीपणा नाही. सकारात्मक असेल तरी एक प्रश्न सगळे विचारतात: दुसरं काम कधी सोडू?

१५ हजारांवर महिन्याला ६ हजार मिळवायचे म्हणजे महिन्याला ४० टक्के. असं कुणी म्हणत असेल तर त्याचा क्रमांक ब्लॉक करा. महिन्याला २ टक्के सातत्याने निघतात असं धरलं, आणि तेही फार मोठं धरणं आहे, तरी ६ हजारांसाठी ३ लाख भांडवल लागेल. महिन्याला २,५०० बाजूला टाकत ३ लाख व्हायला दहा वर्षं. म्हणून माझ्यापुरता तो प्रश्न निकालात निघाला आहे.

माझं पान असं आहे: नियम लावल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ६१ सौदे, सगळं धरून १,३५० रुपये तोटा, त्यात निव्वळ खर्च ७००च्या आसपास. नऊ तास. पूर्वी एका सकाळी आठ जात होते. दिवाळीनंतर होलसेलवाल्याने आपण होऊन पैसे वाढवले, आता दोन्हींचे मिळून ७ हजार मिळतात. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावरचे १५० खोडून १७५ केले. खोडाखोड तेवढी एकदाच. सौद्याचा धोका मात्र १५०वरच ठेवलाय. पुढची दुसरी पाळी सोमवारपासून आहे.